बंद केलेल्या नंबरवरचा पाऊण तास

आधी माझ्याबद्दल सांगते. आमच्या सोसायटीत कुणी अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची बांधली, तर ते लिंबू सोडवून सरबत करणारी मी बाई आहे. भूत, करणी, दृष्ट... असलं काही कुणी माझ्यासमोर काढलं की त्याचा पाणउतारा केल्याशिवाय मी थांबत नाही. तोंडाने फटकळ आहेच, सासरमाहेर दोन्हीकडे प्रसिद्ध आहे. हे लिहायला बसले तीही त्या तोंडामुळेच. आणि भीती वाटली म्हणून लिहीत नाहीये... लाज वाटते म्हणून लिहितेय.

कोल्हापुरात राजारामपुरीत, मेन रोडच्या आतल्या गल्लीत, एका बेकरीच्या वर आमचं ऑफिस आहे. दोन खोल्या. आमचे मिस्टर सॉफ्टवेअर लिहितात आणि त्याने गिऱ्हाइकांच्या डोक्याला जो ताप होतो तो मी फोनवर निस्तरते. लग्नानंतर लगेचच मिस्टरांनी दुकानदारांसाठी बिलिंगचं एक सॉफ्टवेअर केलं होतं. काळी स्क्रीन, पिवळी अक्षरं, माउससुद्धा लागत नाही. कबनूर, इचलकरंजी, कागल, सगळीकडे चाललं. आमचा फ्लॅट त्याच्यावरच झाला.

पण सॉफ्टवेअरलाही म्हातारपण येतं. नवा कॉम्प्युटर त्याला चालवून घेईना, नवा प्रिंटर ओळख दाखवेना. टॅक्स बदलला की एक ठिगळ, परत बदलला की ठिगळाला ठिगळ. शेवटी ज्या जुन्या कॉम्प्युटरवर मिस्टर ते दुरुस्त करायचे, तोच बसला. आम्ही म्हटलं, बास. सगळ्यांना कळवलं की मार्चनंतर याचा सपोर्ट बंद, आता मोबाइलवर चालणारं नवीन घ्या. लोकांनी कुरकुर केली आणि घेतलं. एक गिऱ्हाईक सोडून.

बाबगोंडा अण्णा. कबनूरला त्यांचं यंत्रमागाच्या सामानाचं दुकान — शटल, पिकर, पट्टे, लाकडी दांडे. वय पंचाहत्तरीच्या पुढे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक पद्मा बेंगळुरूला नोकरीला. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढायचं आणि आमच्या लँडलाइनवर फोन लावायचा, हा त्यांचा नेम. “अक्का, बिल निघंना झालंय बघ.” मी त्यांच्या लेकीच्या वयाची, तरी मला अक्काच म्हणायचे. त्यांच्या घरात निम्मं बोलणं कानडी.

माझं उत्तरही ठरलेलं होतं. “अण्णा, गडबड करू नका. समोर काय दिसतंय ते सांगा.” मग कळायचं की प्रिंटरचं बटणच दाबलेलं नाही. बिघाड एका मिनिटात मिटायचा आणि खरा फोन त्यानंतर सुरू व्हायचा. जेवलीस काय, आज काय केलतीस, पोराची परीक्षा झाली काय. एकदाच बिघाड खरा निघाला होता. त्यांच्या दुकानाच्या मागे त्यांचीच शेड आहे, मागवाल्याला भाड्याने दिलेली. तिथले माग सुरू झाले की अण्णांचा कॉम्प्युटर बंद पडायचा. मी एकेक प्रश्न विचारून शोधून काढलं की शेडचा मेन स्विच अण्णांच्या काउंटरच्या मागे भिंतीत आहे, पार खाली, आणि दोघांची वायर एकच आहे. हे एवढं लक्षात ठेवा.

मार्च संपला तरी अण्णांचे फोन थांबले नाहीत. मी तीनदा नीट सांगितलं. व्हय व्हय म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी परत, बिल निघंना झालंय. मे महिन्यात एका दुपारी एका नव्या गिऱ्हाइकाने माझं डोकं खाल्लं होतं. तो फोन ठेवते न ठेवते तोच लँडलाइन वाजली. मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते मला विसरता येत नाही.

“अण्णा, तुमचं सॉफ्टवेअर मेलंय. मढ्याला किती दिवस औषध पाजायचं? आणि बिघाड काही नसतोय तुमचा. तुम्हाला गप्पा मारायला माणूस पाहिजे असतंय. मी त्याच्यासाठी नाही बसलेली इथं.”

पलीकडून बारीक आवाजात, न्हाय अक्का, ते प्रिंटरचं... असं काहीतरी सुरू केलं त्यांनी. मी फोन ठेवला नाही. भिंतीतून वायरच उपटली. माणूस बोलत असताना.

पुढच्याच आठवड्यात लाइन सरेंडर केली. त्या नंबरवर अण्णांशिवाय कुणाचा फोन येतच नव्हता. फोन वायर गुंडाळून कपाटात टाकला. वाईट वाटलं का? खोटं कशाला सांगू... हलकं वाटलं. चला, एक कटकट मिटली.

मग ऑगस्ट. त्या दिवशी मी सकाळपासून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात डेमो द्यायला गेले होते. समोर त्यांची आठ-दहा माणसं, माझा मोबाइल पर्समध्ये सायलेंटवर, मधे जेवणही त्यांच्याच कॅन्टीनमध्ये त्यांच्याबरोबर. संध्याकाळी घरी आले तर घसा बसलेला. मिस्टर म्हणाले, आज कुणाशी भांडलीस? डेमोत बोलून बोलून बसतोच घसा, मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

दोन दिवसांनी मोबाइलवर एका बाईचा फोन आला. पद्मा, अण्णांची लेक. आमच्या वेबसाइटवरून नंबर शोधला होता. रडत होती. अण्णा परवा, म्हणजे माझ्या डेमोच्याच दिवशी, दुकानात पडले, खुब्याचं हाड मोडलं, इचलकरंजीत ऑपरेशन झालं, आता बरे आहेत. आणि मग म्हणाली, “ताई, तुम्ही फोन उचलला नसता तर माझे वडील गेले असते.”

मला वाटलं, बाईचा काहीतरी घोटाळा होतोय. पण ती सांगत गेली.

अण्णा दुपारी शटर अर्धं ओढून वळले आणि पडले, काउंटर आणि रॅकच्या मधे. उठता येईना. कबनूरमध्ये अशा वेळी ओरडून काही उपयोग नसतो हो. चारी बाजूंनी मागांचा खडखडाट, समोरासमोर उभी असलेली माणसंसुद्धा कानात तोंड घालून बोलतात. खिशात बटणांचा मोबाइल. त्यात दोनच्या बटणावर आमचं ऑफिस, तीनवर पद्मा. हात सवयीने दोनवर गेला. आणि पद्माच्या म्हणण्याप्रमाणे, मी फोन उचलला.

मी त्यांना म्हणे सांगितलं की हलू नका, पाय आहे तसा ठेवा. अण्णा ओरडायला लागले तर मी म्हणाले, ओरडू नका, कोण ऐकणार? आधी माग बंद करा. काउंटरमागे मेन स्विच आहे ना, तो दांड्याने खाली ओढा. अण्णांनी रॅकच्या तळातून विक्रीचाच एक लाकडी दांडा ओढला आणि पडल्या पडल्या स्विचवर मारत राहिले. बऱ्याच वेळाने स्विच खाली आला आणि शेडमधले माग थांबले. आवाजाकडे कबनूरमध्ये कुणी बघत नाही, पण माग थांबले की माणसं धावतात. मागवाले काय झालं बघायला आले, तेव्हा अण्णांनी हाक मारली आणि ती ऐकू गेली. अँब्युलन्स येईपर्यंत मी फोनवरच होते म्हणे. पाऊण तास.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं की बाई गं, ती मी नव्हते. एरवी माझ्या तोंडाला कुलूप लागत नाही. त्या दिवशी एवढंच निघालं — आता बरे आहेत ना अण्णा?

फोन ठेवून कपाट उघडलं. लँडलाइनचा फोन होता तसाच, वायरीत गुंडाळलेला, वर धुळीचा थर. मोबाइलवरून तो नंबर लावून बघितला. रेकॉर्ड केलेल्या बाईने सांगितलं, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मिस्टर टेलिफोन ऑफिसात जाऊन आले. तिथे सांगितलं की तो नंबर अजून कुणालाच दिलेला नाही. मिस्टरांचं मत पडलं की म्हातारा वेदनेत भ्रमात गेला असणार, स्विच त्याच्या दुकानातला, त्याला माहीत असणारच. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही हेच म्हटलं असतं, वर दोन शब्द जास्तीचे.

रविवारी हॉस्पिटलात गेले. खोलीत शिरले तर पद्माने मिठीच मारली. नातेवाईक जमले होते, त्यांना सांगत सुटली की याच त्या. अण्णांच्या म्हाताऱ्या बहिणीने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. कुणी खुर्ची दिली, कुणी केळं सोलून हातात दिलं. चोरी करून पकडलं गेलं तर माणूस निदान मान खाली घालून उभं राहतं... मला तर हसावं लागत होतं. पद्माने अण्णांचा मोबाइल दाखवला. आमचा जुना नंबर, त्या दुपारची वेळ, पाऊण तासाचा कॉल. मी डोळ्यांनी बघितला.

मी कसंबसं विचारलं की फोन उचलल्यावर मी पहिल्यांदा काय बोलले होते. पद्माला ते माहीत नव्हतं. अण्णा पडल्या पडल्या म्हणाले, “अण्णा, गडबड करू नका. समोर काय दिसतंय ते सांगा.”

सगळे हसले. मी हातातलं केळं टेबलावर ठेवलं.

थोड्या वेळाने नातेवाईक पांगले. अण्णांनी पद्माला चहा आणायला पाठवलं. आता नाही तर कधीच नाही, असं मनाशी म्हणून मी बोलले, “अण्णा, ती मी नव्हते.”

ते छताकडे बघत होते. “मला ठावं हाय की.”

अण्णाच पुढे म्हणाले, आवाज तुझाच हुता. कोण म्हणून इचारलं तर नाव बी तुझंच सांगितलं. पण तू न्हवतीस.

“कशावरून?”

त्यांनी मान वळवली. रागबिग काही नाही. शटलची किंमत सांगावी तसं सांगितलं, “तू असतीस तर फोन ठिवला असतास.”

बायांनो आणि बाप्यांनो, मी आयुष्यभर लोकांना बोलत आले. मला असं कुणी बोललेलं नाही. आणि ते लागावं म्हणून बोललेलंही नव्हतं, हे जास्त वाईट. मी रडले. माफी मागितली. तर म्हणतात, असू दे, तुझं बी बरोबर हुतं, बिघाड न्हवताच कवा. मग सगळ्यांना माझं नाव का सांगितलं असं विचारलं, तर म्हणाले, दुसरं काय सांगू, पोरगी भिईल.

निघताना मी त्यांचा मोबाइल घेतला आणि म्हटलं, माझा मोबाइल नंबर घालून देते, कधीही लावा, रात्री-अपरात्री लावा. दोनच्या बटणावर घालणार एवढ्यात त्यांनी हात पुढे केला.

“दोनवर नगो अक्का,” ते म्हणाले. “तितं हाय ते ऱ्हाऊ दे.”

मी चारवर घातला.

दिवाळीच्या आधी पद्मा त्यांना बेंगळुरूला घेऊन गेली. दुकान मागवाल्यानेच घेतलं. मी दोन-तीनदा अण्णांना फोन केला. बरा हाय, तुला कामं असतील, ठेवतो — एवढंच. त्यांनी मला चारवरून एकदाही फोन केलेला नाही.

गेल्या महिन्यात पद्माचा फोन आला. सहज, चौकशीला. म्हणाली, इथे त्यांना करमत नव्हतं, जेवायचे नाहीत, आता खूप फरक आहे. दुपारी तुमच्याशी बोलणं झालं की मग नीट जेवतात. मी विचारलं, काय बोलतात हो? ती हसली. मला काय माहीत ताई, दार लावून घेतात, मला नुसतं त्यांचं हसणं ऐकू येतं. एवढी कामं सोडून तुम्ही रोज वेळ काढता...

तो नंबर मी त्या दिवशी परत लावून बघितला. अस्तित्वात नाही. याचा अर्थ काय, तो फोन कोण घेतंय, माझ्याच आवाजात का घेतंय, मला आजही माहीत नाही. कुणाला स्पष्टीकरण सुचलं तर जरूर सांगा, मी कुणाला फाडून खाणार नाही. रोज दुपारी ऑफिसात बसले की मात्र त्या कपाटाकडे नजर जाते, आणि मी काम करते.

पद्माला अजून खरं सांगितलेलं नाही. त्या दिवशी फोन ठेवताना ती म्हणाली, थँक्यू ताई, दुसरं कुणी असतं तर एवढं केलं नसतं. मी म्हणाले, “अहो, त्यात काय एवढं.”