पाय टेकतील अशी गाडी

सकाळी गाडी सुरू केली की पेट्रोल-ऑइलचा धूर आणि पुढे ठेवलेल्या ओल्या सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास एकमेकांत मिसळतो, आणि मी वीस वर्षं मागे जाते.

तेव्हा चांदूर बाजारात जो तो मोठी मोटारसायकल घेत होता. माझ्या नवऱ्यानं मात्र ही बुटकी, बिनागिअरची गाडी आणली. मी फणकारले, "मोठी काहून नाही घेतली?"

"मोठीवर तुये पाय टेकत नाही. भाजी इकाले तुलेच जा लागते," ते म्हणाले.

आठवड्यानं मीच गाडी हाती घेतली. पायापाशी सांभाराचं पोतं, मागे हे. मळ्यापासून बाजारापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. हळू चालव, असंही नाही. माझ्यावर केवढा भरवसा, म्हणून मी मनात फुगले होते. बाजारात उतरले आणि पाहिलं, तर त्यांच्या चपलांच्या टाचा घासून गेलेल्या, पाय धुळीनं माखलेले. गाडी कलंडली तर सावरता यावी म्हणून ते सारा रस्ता पाय जमिनीलगत धरून बसले होते.

"असे कसे बसले तुमी?" मी चिडून विचारलं.

"गाडी लहान हाय. पाय कुठी ठेवू?"

ते जाऊन दोन वर्षं झाली. पोरगा म्हणतो, आता इकून टाक. मी विकत नाही. मागची सीट रिकामी असते, तरी वळण आलं की मी वेग कमी करते आणि चपला घासल्याचा आवाज येतो का, ते ऐकते.