नलावडे सरांचे कायमचे क्रमांक

नलावडे सर प्रबंध शेवटच्या पानापासून वाचायचे. पालघरच्या आमच्या कॉलेजचे ते ग्रंथपाल. संदर्भसूचीत नुसता वेबसाइटचा पत्ता दिसला की हिरव्या पेनाने आडवी रेघ, आणि शेजारी लिहिलेलं, “हे भाड्याचं घर. कायमचा क्रमांक द्या.” माझ्या पहिल्या मसुद्यात अशा सतरा रेघा होत्या. मी रडकुंडीला आले तर म्हणाले, “रड, पण क्रमांक शोधता शोधता रड.”

त्यांचे वडील तारापूरच्या कारखान्यात होते. सालवडला दर वर्षा-दोन वर्षांनी खोली बदलायची आणि गावाकडची पत्रं जुन्या खोलीवर पडून राहायची. आजोबा गेल्याचं त्यांना तेराव्यानंतर कळलं होतं. त्यामुळे इंटरनेटवरच्या लेखाला, ध्वनिफितीला कायमचा क्रमांक देण्याची सोय आली तेव्हा सर हरखलेच. सामान दुसऱ्या संगणकावर हललं तर नोंदणी करणाऱ्या संस्थेला नवी जागा कळवायची. वाचणाऱ्याने तोच क्रमांक उघडायचा. “पण कळवणारा माणूस लागतो हं,” सर सांगायचे, “क्रमांकाला पाय नसतात.”

शिरगावच्या हिराआजी लग्नात धवलारीण म्हणून गायच्या. विधी लावत गाणी म्हणणारी ती गावातली शेवटची बाई. मी त्यांची बावीस मिनिटांची गाणी कॉलेजच्या ध्वनिसंग्रहासाठी ध्वनिमुद्रित केली तेव्हा सर मुद्दाम बरोबर आले आणि त्या फितीचा क्रमांक कागदावर लिहून त्यांच्या हातात दिला.

“मी मेल्यावर बी उघडंल काय, मास्तर?”

“कॉलेज हललं तरी उघडेल, आजी. माझी जबाबदारी.”

फाईल कॉलेजच्या संगणकावर गेल्यावर मी माझ्या रेकॉर्डरच्या कार्डावरची प्रत पुसली, पुढच्या मुलाखतीला जागा हवी होती. इतका विश्वास मी सख्ख्या भावावरही ठेवला नसता.

सर निवृत्त होण्याच्या महिनाभर आधी कॉलेजने या संग्रहाचं उद्घाटन केलं. मंचावर सगळे होते, सर तिसऱ्या रांगेत. भाषणात त्यांचं नाव आलं नाही. मला वाटलं होतं, ते हसून सोडून देतील.

सर निवृत्त झाल्यावर कॉलेजची वेबसाइट नव्या संगणकावर गेली आणि सगळे क्रमांक बंद पडले. नोंदी तेवढ्या नव्या साइटवर आल्या; फाईली जुन्या संगणकावरच राहिल्या, कारण कोणती फाईल कोणाची ही यादी मिळाल्याशिवाय त्या हलवता येत नव्हत्या. ती यादी सरांकडे, नोंदणीचा पासवर्डही सरांकडेच. जुना संगणक दिवाळीपर्यंत ठेवतो, मग पुसतो, असं वेबसाइटच्या कंत्राटदाराने कळवलं होतं. मी फोन केला की सर म्हणत, “बघतो.” शेवटी बोईसरला त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा आणला. सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. यादी तयार होती, एकूणएक ओळ तपासलेली.

“पाठवा ना मग, सर.”

“प्राचार्यांनी एकदा फोन करावा. एवढंच.”

“हिराआजी गेल्या, सर. त्यांची नात मनीषा रोज विचारते, ताई, आजीचा नंबर का नाय उघडत.”

“वाईट वाटलं ऐकून,” ते म्हणाले, आणि खरंच वाटलं असावं, कारण चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. मग लॅपटॉप मिटला. “पण मी आता त्या कॉलेजचा कोण?”

प्राचार्यांना मी दोनदा विनवलं. निवृत्त माणसाच्या मागे कोण लागतं, असं ते म्हणाले. दिवाळी झाली आणि संगणक पुसला गेला.

पुढच्या महिन्यात सरांचाच फोन आला. राग उतरला होता. त्यांनी आपणहून सगळे क्रमांक नव्या साइटवरच्या नोंदींना जोडून दिले होते. “उघडून बघ वैशाली, एकही चुकलेला नाही,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जुना उत्साह होता. संगणक पुसल्याचं त्यांना ठाऊक होतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. ठाऊक होतंच.

त्याच दिवशी मनीषाने फोन केला.

“ताई, नंबर उघडला. आजीचं नाव हाय, शिरगाव हाय, बावीस मिनिटं लिवलंय. आवाज कुठं हाय?”

“माझ्याकडून गेला,” मी म्हणाले.

सरांचं नाव तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही, आणि याचाच मला अजून सगळ्यात जास्त राग येतो.