दहाव्यानंतरचं पाणी

निमोण्यातल्या आप्पांच्या हॉलमध्ये शिरलो आणि आधी माशाच्या टाकीतलं पाणी बघितलं. सहा फुटी टाकी, आत थोराड ऑस्कर मासा, आणि पाणी बाटलीतल्यासारखं नितळ. लोकांना ते छान वाटतं. मला नाही वाटत. मुरलेल्या पाण्याला थोडा पिवळटपणा असतो. त्यात मासा वर येऊन धापा टाकत होता.

“दोन दिस झालं, खात न्हाई,” आप्पा म्हणाले. “कसंबी करा, पर ह्याला वाचवा. तिचा हाय त्यो.”

ती म्हणजे काकू, आप्पांची बायको. त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हा कॉटसमोर ही टाकी मीच बसवली. आप्पांना हरतऱ्हेचे रंगीत मासे हवे होते. मी म्हटलं, “आप्पा, लग्नाचा मांडव आहे का? काकूंना दिवसभर बघायचंय. ओळख धरणारा एकच घ्या.” म्हणून ऑस्कर. तो खातो दांडगा आणि घाणही तेवढीच करतो, म्हणून खालच्या कपाटात मोठा सम्प दिला. सम्प म्हणजे गाळणीची दुसरी टाकी. वरचं पाणी त्यात उतरतं, स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगांमधून जातं, मोटर ते परत वर चढवते. काकू त्या माशाला पैलवान म्हणायच्या. त्यांनी चालता हात काचेला लावला की तो तिथे येऊन थांबायचा. पुढे काकूंची वाचा गेली, तरी हे चालूच होतं.

गेल्या आठवड्यात काकूंचा दहावा झाला होता. मी कपाट उघडलं. रिंगा पांढऱ्याशुभ्र, वर साबणाचा वास.

“हे कुणी धुतलं?”

आप्पांची थोरली बहीण आक्का पुढे आली. “म्या. सुतक फिटलं तवा समदं घर धुतलं, हंडं-कळश्या उपड्या केल्या. मयताच्या घरातलं पानी ठिवत्यात व्हय? माशाला टपात ठिवून टाकीबी रिकामी केली. त्या चकत्या लई बुळबुळीत झाल्या हुत्या, पावडर लावून घासल्या.”

माझा पारा चढला होता, पण तिच्याकडे बघून उतरला. तिनं जिवापाड कष्ट करून रीत पाळली होती.

“आक्का, विरजणाचं भांडं घासून ठेवलं तर दही लागंल का?” मी म्हणालो. “त्या बुळबुळीत बारीक जीव असतात. माशाच्या घाणीतून अमोनिया सुटतो, तो विषारी. ते जीव त्याचं विष मारतात. आता मारायला कुणी उरलं नाही.”

टेस्ट किटच्या नळीत टाकीचं पाणी गर्द हिरवं झालं. म्हणजे अमोनिया डोक्यावरून गेलेला. अर्धं पाणी बदललं, हवेचा पंप लावला, खाणं बंद केलं. दौंडच्या दुकानातल्या चालत्या टाकीचा मळका स्पंज त्यातल्या बारीक जिवांसकट आणून सम्पमध्ये टाकला. पण कल्ले आधीच भाजले होते. आप्पा काचेला हात लावून बसले. पैलवान जागचा हलला नाही.

“मला वळकत न्हाई,” ते म्हणाले. मला तिथं थांबवेना.

दुसऱ्या दिवशी गेलो तर तो आडवा तरंगत होता. आक्का जमिनीवर बसून रडत होती. “वयनी तिच्या दुखन्यानं गेली. ह्यो माझ्या हातानं गेला रं.”

आप्पा तिच्याशेजारी बसले. मग म्हणाले, “तू तिच्यासाठीच केलंस, आक्का. ऊठ.”

मासा त्यांनी स्वतः पेरूखाली पुरला. टाकी घेऊन जा म्हणाले. मी नेली.

आता टाकी बसवली की मी मालकाला दोन गोष्टी सांगतो. फिल्टर टाकीतल्याच पाण्यात खळबळून घ्या, साबण नको. आणि घरात कुणी गेलं, तर घर धुवायच्या आधी मला फोन करा. दुसरी ऐकली की लोक म्हणतात, “शुभ बोला की राव!” त्यापायी गिऱ्हाइकं तुटलीसुद्धा. तुटू देत.