सिनेमातला तो सेफ

माझा नवरा गेरिट वेस्ट्रा एकोणचाळीस वर्षं बेसबॉलचा पंच होता. शाळांचे सामने, गावागावांचे सामने, दूध सोसायटीच्या सहलीतले सामने, सगळे केले. उन्हात उभं राहून मान काळी झाली, गुडघे गेले. आणि एवढं करून तो प्रसिद्ध कशासाठी? तर त्यानं कधी दिलाच नाही अशा एका निर्णयासाठी. आयोवातल्या या कोपऱ्यात कुणालाही विचारा, "गेरिट वेस्ट्रा कोण?" लगेच सांगतील, "तो हो, सिनेमातला आंधळा पंच!"

एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यात आमच्या मैदानावर सिनेमा झाला. त्यांना म्हणे आमचा लाकडी स्टँड आवडला. अर्धा पडायला आलेला, पण आवडला. पंचाचं काम करायला शहरातून कुणी नट आला होता, त्यानं तोंडावरची जाळी उलटी घातली. ते बघून गेरिटचं डोकं फिरलं आणि तो सरळ दिग्दर्शकाला सांगायला गेला. दिग्दर्शक म्हणाला, "मग तुम्हीच उभे राहा." झालं. तिथून आमच्या मागे हा ताप लागला.

त्या सिनेमात एक माणूस वीस वर्षांनी गावी परत येतो. वडिलांनी बांधलेल्या मैदानावर शेवटचा सामना असतो, शेवटचा डाव, आणि तो तिसऱ्या बेसवरून, म्हणजे शेवटच्या थांब्यावरून, घराकडे पळत सुटतो. घर म्हणजे जमिनीतली होम प्लेट. तिला त्याचा हात लागला की सेफ, म्हणजे जिंकले, त्याआधी प्लेटमागच्या कॅचरनं चेंडू अंगाला टेकवला की आउट. यापलीकडे त्यात काही नाही. पण एवढ्याशावरून आमच्या घरात तीस वर्षं जेवणं निवली.

हिरो होता वेस काल्डर. कॅचर आमच्याच गावातला डेनी क्लोस्टर, तेव्हा वीस वर्षांचा, आता गुरांचा डॉक्टर आहे. त्याला सांगून ठेवलं होतं की चेंडू जरा उशिरा टेकव. आठ वेळा ते दृश्य घेतलं. आठही वेळा डेनीनं उशीर केला, वेस सेफ, गेरिटनं दोन्ही हात पसरून सेफ दिला. तरी दिग्दर्शकाचं समाधान होईना. नवव्या वेळी ऊन तिरपं झालं होतं आणि धूळ अशी उठली की सगळं मैदान सोनेरी झालं. नेमका त्याच वेळी चेंडू डेनीच्या ग्लोव्हमध्ये इतका नीट आला की त्याचा हात आपोआप खाली गेला आणि वेसच्या खांद्याला टेकला. वेसचा हात प्लेटपासून चांगला हातभर लांब होता. गेरिटनं मूठ उचलली आणि ओरडला, "आउट!"

दिग्दर्शकानं डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटली. "अहो, सिनेमा आहे हा!"

"मग त्याला जोरात पळायला सांगा," गेरिट म्हणाला.

दहाव्या वेळेपर्यंत ऊन गेलं. पुढच्या वर्षी सिनेमा आला तेव्हा आम्ही सगळे नटूनथटून पाहायला गेलो. पडद्यावर तीच सोनेरी धूळ, तीच नववी घसरण, डेनीचा ग्लोव्ह वेसच्या खांद्यावर. आणि त्याला जोडून गेरिट, हात पसरून, सेफ! आधीच्या कुठल्या तरी वेळचे त्याचे हात कापून तिथे चिकटवले होते. गेरिट खुर्चीतून उठला आणि भर थिएटरात म्हणाला, "माझी पँट बघा! पँट स्वच्छ आहे!" खरंच होतं. नवव्या वेळी तो गुडघ्यापर्यंत धुळीनं माखला होता. पण पँटकडे कोण बघतंय? लोक रडत होते.

तेव्हापासून कुठेही सामना असो, जरा अटीतटीचा निर्णय दिला की मागून आवाज यायचाच, "सिनेमा चालू आहे का रे, ब्लू?" आमच्याकडे पंचाला ब्लू म्हणतात, त्याच्या निळ्या शर्टामुळे. गेरिटनं ज्याला त्याला समजावलं. किराणा दुकानात, चर्चच्या तळघरात कॉफी पिताना, दवाखान्यात ओळखदेख नसलेल्या माणसांना. लोक हसायचे. "अरे, दहादा घेतलं ते दृश्य, कोणतं कधी काय झालं कुणाला आठवतंय?" डेनीला विचारलं की तो म्हणायचा, "धूळ होती हो, मला काही कळलं नाही." का नाही कळणार? दवाखान्यात त्या दृश्याचा एवढा मोठा फोटो लावून बसलाय, त्याला कळून परवडणार होतं थोडंच!

आणि मला विचारलं की मी म्हणायचे, "वारा सुटला होता, मी टोपी सांभाळत होते."

खोटं. मला त्यांनी जुन्या काळची टोपी घालून बरोबर प्लेटच्या मागे दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. माझ्याइतकं स्पष्ट कुणालाच दिसलं नसेल. आउट होता तो. सणसणीत आउट.

मग का नाही बोललीस, असं तुम्ही विचाराल. सांगते. दरवर्षी ऑगस्टमध्ये शाळेच्या भिंतीवर आम्ही बेसबॉलचे सिनेमे दाखवतो. खुर्च्या घरून आणायच्या, मक्याची कणसं उकडायची, आणि कोणता सिनेमा सर्वात भारी यावर गळा बसेपर्यंत भांडायचं. गेरिटला कुठलाच पसंत पडत नाही. "हा चेंडू टाकतोय की कोंबड्या हाकलतोय?" "प्रत्येक सिनेमात शेवटच्या चेंडूवरच कसा फटका कुंपणापार जातो गं? मधे कुणी जांभई देत नाही?" आणि त्याचं ठरलेलं वाक्य, "सिनेमातल्या पंचाला कधी बायको पाहिलीस? तो जाडा असतो, आंधळा असतो आणि त्याला घरच नसतं." त्याला एकच सिनेमा आवडायचा, जुना, काळापांढरा. त्यात दोन म्हातारे दहा मिनिटं नुसतं पावसानं भिजलेलं मैदान कोरडं करतात. बाकी सगळे तेव्हा सरबत आणायला उठतात.

मी म्हणायचे, "बेसबॉलचा सिनेमा बेसबॉलसाठी नसतो, गेरिट. एक माणूस घरून निघतो आणि सगळे त्याला अडवत असताना परत घरी पोचतो का, ते बघायला लोक येतात."

"पोचू दे की. माझी ना नाही. पण आधी पोचू दे."

आता अशा माणसापुढे काय डोकं आपटायचं? पण रागाची गोष्ट ही, की आपल्या गावचा सिनेमा त्या सगळ्यांत भारी आहे. त्या माणसाचा हात प्लेटवर पडतो, स्टँडमधली त्याची आई उभी राहते आणि मी रडते. तीस वेळा पाहिला, तीस वेळा रडले. तो आउट झाला असता तर त्या आईनं कशाला उभं राहायचं? मी एकदा जरी तोंड उघडलं असतं तरी मला पुढच्या वेळी ते तसं बघता आलं नसतं. म्हणून टोपी.

गेरिटला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. राज्याच्या शालेय स्पर्धेची फायनल, होम प्लेटच्या मागे उभं राहून. त्या सामन्याचे पंच दरवर्षी एक समिती प्रशिक्षकांची मतं घेऊन निवडते. दरवर्षी गेरिटचं नाव जायचं आणि दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, "तो सिनेमावाला? नको, प्रेक्षक हसतील." त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं फायनल करून आली. तो त्यांच्या पाठीवर थाप मारायचा आणि घरी येऊन गॅरेजमध्ये तासभर काहीतरी ठोकत बसायचा.

दोन हजार एकोणीसच्या जूनमध्ये सिनेमाच्या शूटिंगला तीस वर्षं झाली म्हणून गावानं मोठा सोहळा ठरवला. वेस काल्डर स्वतः येणार, डेनी कॅचर, आणि तेच दृश्य तिथेच पुन्हा करायचं. लाइल बोडेन आमच्याकडे आला. हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि त्या पंच निवडणाऱ्या समितीवर आमच्या भागाचा माणूस तोच. मी भट्टीत भाजलेल्या रुबार्बच्या आंबटगोड पायचे दोन तुकडे संपवून म्हणाला, "गेरिट, पंच म्हणून तुझं हे शेवटचं वर्ष. तू त्या दिवशी हसत हसत सेफ दे, लोकांना मजा येऊ दे. तूही थट्टा सहन करू शकतोस हे एकदा दिसलं की यंदाच्या फायनलला तुझं नाव मी लावतो. शब्द देतो."

"आणि तो आउट असला तर?" गेरिटनं विचारलं.

"अरे बाबा, सत्तरीचा म्हातारा आहे तो! डेनी हात लावणारच नाही. सेफच असणार."

"मग ठीक आहे. सेफ असला तर सेफ देईन."

लाइल खूश होऊन गेला. मी मात्र नवऱ्याला ओळखून होते. रात्रंदिवस मागे लागले. "एकदा, गेरिट. एकदाच वाकडं बघ. फायनल मिळतेय तुला!"  तो उठून स्वतःच गणवेशाला इस्त्री करत बसला.

सोहळ्याच्या दिवशी दुपारी स्टँड खचाखच भरला होता. मेयरबाईंनी भाषण केलं, बँडनं वाजवलं. मग वेस काल्डर आला. केस पांढरे, एक पाय ओढत चालत होता. पण माणूस गोड. टोपी काढून सगळ्यांना अभिवादन केलं आणि तिसऱ्या बेसवरून निघाला. पळणं कसलं, लगबग चालणंच ते. तरी लोक उभे राहून ओरडत होते. प्लेटजवळ आल्यावर त्यानं खरोखर स्वतःला झोकून दिलं. बाई गं! धूळ उडाली आणि तो पालथा पडला. डेनीनं ठरल्याप्रमाणे ग्लोव्ह हवेतच फिरवला. लोकांनी छत डोक्यावर घेतलं.

गेरिट वाकून उभा होता. हात गुडघ्यांवर. त्यानं हात पसरले नाहीत, मूठही उचलली नाही.

मी बसले होते प्लेटच्या मागेच. वेसचा हात प्लेटच्या वीतभर अलीकडे पडला होता. प्लेटला हात नाही आणि अंगाला चेंडूही नाही, अशा वेळी पंच काहीच बोलत नाही, तसाच थांबतो. हा नियम आहे. पण ओरडणाऱ्यांतल्या किती जणांना आठवला असेल? आधी हसले, मग शिट्ट्या, मग "दे की रे, ब्लू!" लाइल कुंपणाशी येऊन दोन्ही हात पसरून दाखवत होता, जसं काही गेरिटला ते येतच नाही. वेस आपला धुळीत पडून मान वर करून हसतोय, त्याला वाटलं झालं.

मी मनात वेसला म्हणत होते, अहो, जरा पुढे सरका. वीतभर. कुणाचं काय जातंय?

डेनीनं मात्र गेरिटकडे पाहिलं. मग प्लेटकडे पाहिलं. तीस वर्षं "मला काही कळलं नाही" म्हणणारा तो माणूस दोन पावलं आला, वाकला आणि वेसच्या खांद्याला चेंडू हळूच टेकवला.

"आउट!"

काय तो आवाज! सदुसष्टाव्या वर्षी कुठून आणला कोण जाणे. मूठ आभाळात. आणि मग जो काही गलका झाला, विचारू नका. कुणी सरबताचा पेला फेकला. माझ्या शेजारची नॉर्मा माझा दंड धरून म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला काय अक्कल आहे की नाही? एवढ्या लांबून आलेला पाहुणा तो!" मी तिचा हात झटकला, पण बोलले काहीच नाही. तिथेही नाही बोलले. गेरिट आणि डेनीनं मिळून वेसला उठवलं, त्यानं गेरिटशी हात मिळवला, पण बँड सुरू झाला आणि काय बोलले ते ऐकू आलं नाही. लाइल बोडेन आमच्याकडे न बघता निघून गेला.

घरी जाताना गाडी तो चालवत होता. दोन्ही बाजूंना मका गुडघ्याएवढा झाला होता. माझा जीव नुसता चडफडत होता.

"गेली तुझी फायनल," मी म्हटलं.

"हो."

"एवढंसं सुख नाही घेता आलं तुला?"

"हात लागला नव्हता, आर्डिस."

"माहीत आहे मला. दिसलं."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "तेव्हाही दिसलं होतं. नवव्या वेळी. टोपीबिपी काही नाही. तो आउट होता आणि तू आउटच दिला होतास."

त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तीस वर्षं मी सगळ्या गावाशी भांडलो," तो म्हणाला. "एकटा. रात्री झोपताना मलाही वाटायचं, आपणच चुकलो असू. आणि तू शेजारी झोपलेली होतीस."

 माझं उत्तर लाज वाटण्यासारखं होतं, पण तेच खरं होतं.

"मला तो सिनेमा आवडतो, गेरिट. तो आउट असता तर काही उरलंच नसतं त्यात."

त्यानं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली तरी हलवली नाही.

"आवडतो मलाही," तो म्हणाला. "म्हणून काय तो सेफ होतो का?"

मग गाडी रस्त्यावर घेतली, आणि बुधवारपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही.