पावाच्या गाडीचा आरसा

रस्तादुरुस्तीच्या टोळीत झेंडा धरणारी ती एकटीच बाई. सगळे तिला ताई म्हणायचे, कारण तिचा धाकटा भाऊ तिला तशी हाक मारायचा. तो बेकरीची गाडी चालवायचा आणि सकाळी जाता जाता तिला टोळीच्या डेपोवर सोडायचा. आईवडील गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याला परवाना मिळाला, तेव्हा ती गल्लीभर सांगत सुटली होती.

तिचं काम दिसायला सोपं होतं. टोळीचा ट्रक दिवे लुकलुकवत रस्त्याच्या कडेला उभा, त्याच्या मागे केशरी शंकू मांडलेले आणि त्यांच्याही मागे लाल झेंडा घेऊन ही. गाडीवाल्यांनी वेग कमी करावा, जागा असेल तर थोडं पलीकडून जावं, एवढंच तिचं मागणं. काही ऐकत. काही अशा जोरात जात, की वाऱ्यानं तिची ओढणी तोंडावर येई.

डांबर ओतणाऱ्या एकाला टोळीत वकील म्हणत. अंगावरचे कपडे कायम काळे, आणि एकदा बोलायला लागला की समोरच्याला तोंड उघडू देत नसे. तो म्हणायचा, "ताई, आमची डोकी तुझ्या भरवशावर आहेत. झोप आली तर आधी मला सांग, म्हणजे मी घरी जातो."

त्या दुपारी टोळी गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर होती. वकील ट्रकच्या मागच्या फळीवरून फावडं ओढत होता, पाठ रस्त्याकडे. लांबून एक पांढरी गाडी आली. ताईनं झेंडा हलवला. गाडीचा वेग काही कमी होईना. ती एका बाजूलाही सरकेना. ताईनं झेंडा डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवला आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "वकील, मागे!" त्यानं अंग चोरलं खरं, पण गाडीचा आरसा फावड्याला लागला, दांडा फिरून त्याच्या मांडीवर बसला आणि तो रस्त्यावर आडवा झाला. गाडी थांबली नाही. तिच्या मागच्या दारावर पावाचं चित्र होतं. वरचा रंग उडालेला तो पाव ताई रोज बघत होती.

वकिलाला उचलून नेल्यावर मुकादम तिच्याजवळ आला. "गाडी कुणाची होती? नंबर बघितलास?"

"नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली. तो अंगणात आरशाला चिकटपट्टी लावत बसला होता.

"कशानं फुटला?"

"शंकूला घासला वाटतं. बाहेरच्या रस्त्यावर काम चाललंय ना."

"तिथं मी उभी होते."

त्याचा हात थांबला. "तू? मला लाल झेंडा दिसला, ताई. माणूस नाही दिसलं. पाव पोचवायला उशीर झाला होता, फोनवर दुकानदार ओरडत होता..."

"आरसा माणसाच्या फावड्याला लागला. त्याचं मांडीचं हाड मोडलंय."

त्यानं चिकटपट्टी खाली ठेवली. तेवढ्यात भावजय दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "झालं ते झालं," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही काही बोलला नाहीत ना कुठं? मग नका बोलू. नोकरी गेली तर पोरांना काय घालू?" ताई तशीच घरी आली आणि जेवणाला हातही न लावता अंथरुणावर पडली.

पुढच्या रविवारी ती दवाखान्यात गेली. वकिलाचा पाय वजनं लावून टांगलेला होता. तिला बघताच तो बायकोला म्हणाला, "हीच ती. ही ओरडली नसती तर मांडीच्या जागी डोकं असतं." बायकोनं ताईचे दोन्ही हात धरले. ताईला ते सहन होईना. ती खाली मान घालून म्हणाली, "गाडी माझ्या भावाची होती. मी मुकादमाशी खोटं बोलले."

वकिलाच्या बायकोनं हात सोडले. वकिलानं तोंड छताकडे फिरवलं. मग म्हणाला, "त्याला घेऊन ये. त्या दिवशी मी दिसलो नाही ना त्याला, आता नीट बघू दे."

भाऊ आधी नाहीच म्हणाला. मग म्हणाला, त्याचा पाय बरा झाला की जातो. ताई म्हणाली, "तू आला नाहीस तरी उद्या मी मुकादमाला सांगणार आहे. माझ्या पाठीमागे लपायचं वय गेलं तुझं." ती एवढी कडक त्याच्याशी कधीच बोलली नव्हती.

तो आला. खाटेजवळ उभा राहिला आणि टांगलेल्या पायाकडे बघून रडायला लागला. वकील एवढंच म्हणाला, "बस खाली. उभ्या माणसाशी बोलून मान दुखते." तिथून भाऊ आपल्या पायांनी पोलीस चौकीत गेला. ताईनंही मुकादमाला खरं काय ते सांगितलं. मुकादमानं तिला झापलं, पण कामावरून काढलं नाही.

भावाचा परवाना काही महिन्यांसाठी गेला. बेकरीवाल्यानं त्याला भट्टीवर घेतलं, कमी पगारावर. वकील काठी घेऊन चालायला लागला, पण रस्त्यावरच्या कामाला परत आला नाही. डेपोच्या फाटकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं डोकं खातो. भावजय ताईशी बोलत नाही. पोरं येतात, आत्याजवळ बसतात आणि आईची हाक आली की निघून जातात.

ताई अजून झेंडा धरते. पण आता ती शंकूंपाशी थांबत नाही, बरीच मागे जाऊन उभी राहते. "एवढ्या लांब कशाला?" मुकादम कुरकुरतो. ती ऐकून घेते आणि तिथंच थांबते. येणाऱ्या प्रत्येक गाडीत ती आधी चालवणाऱ्याचे डोळे शोधते. पुष्कळांचे सापडत नाहीत.