पुढची फळी नसलेला सोफा

सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देण्याच्या कामात आमच्या आत्याने उभी हयात घालवली. फोम, काथ्या आणि कापडाचे तागे यांतून वाट काढत गिऱ्हाईक दुकानात शिरे. त्याने तोंड उघडताच त्याच्या घरी कोणता प्राणी आहे, हे ती ओळखी. कुत्रेवाला सांगे, कुत्र्याने कुठे बसावे. मांजरवाला सांगे, मांजर कुठे बसणार. तिच्या मते एकाला आपले कोणी ऐकल्याचे समाधान हवे असते, तर दुसऱ्याला आपल्याला कोणी निवडल्याचे.

एकदा दोघे एकत्रच आले: ट्रक चालवून निवृत्त झालेला भाऊ आणि त्याची धाकटी, विधवा बहीण. एकटेपणाला कंटाळून तिने भावाकडे कायमचे राहायचे ठरवले होते. त्याचा कुत्रा म्हातारा, तिची मांजर तरणीताठी, आणि खोलीत मावेल असा सोफा एकच.

"हिची मांजर म्हणजे भाडं न देणारी घरमालकीण," भाऊ म्हणाला.

"आणि तुझा कुत्रा? बिनपगारी शिपाई! तुला सलाम ठोकायला कोणीतरी लागतंच, दादा."

दोघांचे ऐकून आत्याने सोफ्याचे दोन भाग केले. कुत्र्यासाठी बुटकी, मऊ बैठक. मांजरीसाठी नखांना दाद न देणारे घट्ट विणीचे कापड. काम देखणे झाले. मात्र आत्याने स्वतः नेऊन सोफा त्यांच्या घरात ठेवताच मांजर थेट मऊ बैठकीवर पसरली आणि कुत्रा जमिनीवरच उभा राहिला.

"ऊठ तिथून! त्याची जागा आहे ती!" भाऊ मांजरीवर खेकसला.

बहिणीचा चेहरा उतरला. तिने मांजर टोपलीत घातली आणि आपली पिशवी उचलली. "चल गं, आपलं घरच बरं."

आत्याला चूक उमगली: तिने माप मालकांच्या शब्दांवरून घेतले होते, प्राण्यांकडे पाहिलेच नव्हते.

"थांबा, ताई. दादा, तुम्ही जरा सोफ्यावर बसा बघू."

भाऊ बसला. कुत्रा लगेच त्याच्या पायांशी आला आणि सोफ्याखाली अंग सरकवू लागला. बैठकीखालची पोकळी झाकणारी पुढची फळी त्याला अडवत होती. स्वतःचे पुरे झालेले काम आत्याने कधी उसवले नव्हते. तिने पक्कड काढली आणि ती पॉलिश केलेली फळी उपटली.

"अहो, शोभा गेली की!" भाऊ कळवळला.

"जाऊ दे. माझं काम शोभेवर उभं नाही."

कुत्रा आत सरकला आणि भावाच्या टाचेवर हनुवटी टेकून निवांत झाला. टोपलीतून सुटलेली मांजर पुन्हा मऊ बैठकीवर गेली.

"दादा, परत तिथंच बसलीय."

"बसू दे. तिला उठवायची तुझी तरी छाती आहे का?"

बहीण हसली आणि पिशवी आत घेऊन गेली.

आजही कोणी "तुमचं काम कुठे बघायला मिळेल?" असे विचारले, की आत्या मोठमोठे दिवाणखाने वगळून त्याच घराचा पत्ता देते आणि वर मान करून बजावते, "पुढची फळी दिसणार नाही. ती मीच काढलीय."