अमावस्येची घोरपड

मुलांनो, परवा तुम्ही प्राणिसंग्रहालयातल्या घोरपडीचा फोटो पाठवलात, म्हणून हे आज लिहिते. हदगावला माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला, न्यूमोनिया झाला तेव्हा आमच्या अंगणातही एक होती, पाय पाठीवर बांधलेली, जिवंत. तिची चरबी सुमीच्या छातीला चोळायची होती.

डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी घरात फक्त मलाच वाचता आली. घरात शब्द आत्याचा चाले, म्हणून मी तिलाच सांगितलं, "आत्या, आजच नांदेडला न्या असं लिहिलंय."

"परवा अमावस्या हाय, घोरपड तवाच कापायची. तेल लावू, मग जाऊ. लई शिकलीस म्हणून मला शिकवून राहिलीस का?"

मी चिठ्ठीची घडी घालून ठेवली. अमावस्येच्या पहाटे सुमी गेली. मी घोरपडीचे दोर सोडले, पण तिला चालता येईना.

ती चिठ्ठी अजून माझ्या कपाटात आहे.